अल कुसैसमधला हिममानव

साऱ्या अमिरातीत थंडी फक्त एकाच माणसाला वाजते आणि तो माणूस माझा साडू आहे. डिसेंबर आला की आम्ही बाकीचे लोक एसी बंद करून खिडक्या उघडतो. साडू मात्र कानटोपी, मफलर आणि लोकरीचे हातमोजे चढवून कामाला निघतात. काम दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे वर्षभर ते थंडीतच असतात; पण ती ऑफिसची थंडी, ती ते धरत नाहीत. "थंडीला मान द्यावा लागतो हो," असं त्यांचं म्हणणं. भर उन्हाळ्यात एसी शेवटच्या आकड्यावर आणून, गोधडीत पाय घालून ते आल्याचा चहा पितात. एकदा ऑगस्टमध्ये मी घामाघूम होऊन त्यांच्याकडे गेलो, तर दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या खांद्यांवर शाल टाकली आणि मग "या" म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी इरा शिकायला कॅनडाला निघाली, तेव्हा जाण्याच्या आधीच्या महिन्यात ते आमच्याकडे तावातावाने आले. "तिथे ती बर्फाचा माणूस करणार. कोणाबरोबर? परक्यांबरोबर! पहिला तिने आपल्याबरोबरच करायला हवा." माझी बायको म्हणाली, "अहो भाऊजी, मॉलमध्ये बर्फाचा हॉल आहे की." साडू दुखावले. "तिकीट काढून थंडी? छे!"

शारजात मासळीचा व्यापार करणारे रत्नागिरीचे एक चाचा त्यांचे जुने दोस्त. शनिवारी सकाळी चाचांचा पिकअप बर्फाच्या भुग्याने भरून अल कुसैसमधल्या साडूंच्या बिल्डिंगमागे येऊन उभा राहिला. "यल्ला, उतरवा लवकर! नायतर खलास!" चाचा ओरडले. साडूंनी आम्हा सगळ्यांना सक्तीने स्वेटर घातले होते, इराला तर हातमोजेही, त्यामुळे बर्फाआधी आम्हीच वितळायला लागलो. तरी माणूस उभा राहिला. मेव्हणीने मोदक वळावा तसं डोकं वळलं, खजुराचे डोळे बसवले, गाजराचं नाक खोचलं. साडूंनी स्वतःची कानटोपी काढून त्याला घातली.

"अहो, टोपीने तो लवकर वितळेल!" माझी बायको म्हणाली.

"आणि सर्दी झाली म्हणजे?"

एवढ्यात वास सुटला. बर्फ आदल्या दिवशी सुरमईखाली होता. पहिल्यांदा बिल्डिंगच्या मांजरी आल्या, मग शेजारच्या बिल्डिंगच्या, मग ज्यांना बिल्डिंगच नाही अशा. साडू हात पसरून त्यांना अडवत होते आणि मांजरी त्यांच्या पायांमधून जाऊन हिममानवाचं पोट चाटत होत्या. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," असं म्हणत इराने फोन खिशात टाकला, आईची छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरून उभी राहिली. पण ऊन बिल्डिंगवरून खाली उतरलं होतं. चाटून चाटून बारीक झालेला तो माणूस नमस्कार केल्यासारखा पुढे वाकला आणि त्याचं डोकं कानटोपीसकट साडूंच्या ओंजळीत पडलं.

"हे वर फ्रीझरमध्ये ठेवू," साडू म्हणाले.

"फ्रीझरमध्ये मटार आहेत," मेव्हणी म्हणाली.

इरा हसत सुटली. हसता हसता तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते बराच वेळ उचललंच नाही. साडू दोन्ही हातांत ते गळतं डोकं धरून, जराही न हलता उभे राहिले.

मग सगळे नाश्त्याला वर गेले. आम्ही दोघेच खाली उरलो. डोक्याचं केव्हाच पाणी झालं होतं, मांजरीही पांगल्या होत्या. साडूंनी जमिनीवरचे इराचे भिजलेले हातमोजे उचलले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तिकडे तिला फार थंडी वाजेल का हो?"

बर्फाचा देश मी तरी कुठे पाहिला होता? "नाही हो, तिकडे घरं आतून गरम असतात म्हणे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग एकेका बोटातलं पाणी ते हलक्या हाताने पिळत राहिले, आत अजून तिचा हात असल्यासारखे.