विसरवाडीजवळच्या पाड्यावर रिकामी राहिलेली गव्हाण

यंदा नाताळला विमलकडे जायचं, हे तिच्या फोननंतर लगेच ठरलं. विमल माझी नर्सिंगच्या दिवसांपासूनची मैत्रीण. विसरवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर तिने आयुष्यभर बाळंतपणं केली. नोव्हेंबरात तिची लेक रूथ ऊसतोडीला गुजरातेत गेली असताना फडातच बाळंत झाली आणि वारली. बाळ वाचलं. रूथच्या मातीला मला जाता आलं नव्हतं.

चोवीस तारखेला सकाळी नाशिकहून निघाले. धुळ्याला एसटी बदलायची, मग साक्रीवरून विसरवाडी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. कोंडाईबारी घाटात ट्रक अडकतात, तासभर जास्तीचा धरून चला.

फाट्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कोठे जानं शे, ताई?" नर्सबाईंच्या घरी म्हटल्यावर त्याने थेट विमलच्या दारात आणून सोडलं.

विमलने तांदळाची भाकरी आणि तुरीचं वरण वाढलं. दीड महिन्याची नात तिच्या मांडीवर झोपली होती. "अर्ध्या पाड्याची नाळ मी कापली गं," ती म्हणाली. "आणि माझ्या रूथजवळ कोणी नव्हतं."

संध्याकाळी पाड्यावरच्या ख्रिस्ती देवळाचे पाळकसाहेब आले. उद्याच्या नाताळच्या देखाव्यात नातीला बाळ येशू म्हणून गव्हाणीत ठेवू या, असं त्यांनी चाचरत सुचवलं. घराला तेवढाच आनंद.

"गव्हाण काय आनंदाची गोष्ट आहे?" विमल म्हणाली. "अवघडलेल्या मरियेला कोणी जागा दिली नाही, म्हणून लेकरू गुरांच्या चाऱ्यात ठेवावं लागलं. माझ्या लेकीने मुकादमाकडे गाडी मागितली, तर तो म्हणाला, थांब, आधी उसाची खेप भरू दे."

पाळकसाहेब उठले. "मी ही गोष्ट फार गोड करून सांगत आलो, बाई," एवढंच बोलून गेले.

सकाळी देवळात गव्हाण रिकामीच होती. पाळकसाहेब थोडकंच बोलले: आपण आज कोणाला थांब म्हणतोय, ते आठवा. विमल नातीला घेऊन उशिरा आली, तशी पुढच्या बाईने सरकून जागा केली आणि बाळ घेतलं. मग दुसरीने, मग तिसरीने. उपासना संपेपर्यंत ती पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिली. विमल गात नव्हती.

"एवढे हात रूथच्या वेळी कुठे होते?" तिने मला हळूच विचारलं. मी तिचा हात धरला.

परत येऊन आठवडा झाला. जाणार असाल तर जरूर जा. पाड्यावर राहायची सोय नाही, लॉज नवापूरला मिळेल. मी मात्र मनाने अजून तिथेच आहे. देव माणसांत आला, हे मी लहानपणापासून मानते, आजही मानते. त्या फडातही तो आला असणार. रूथशेजारी उसाच्या पाचटावर बसून त्यानेही हाका मारल्या असतील, आणि त्याचंही कोणी ऐकलं नसेल.