मॉन्ट्रियलचे व्हिजिटर

दोंडाईचा स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबते. त्यातलं एक मिनिट आबांनी माझी बॅग सीटखाली ढकलण्यात घालवलं. भाऊ, तू प्लॅटफॉर्मवर होतास, तुला ऐकू गेलं नसेल. उतरता उतरता ते म्हणाले, "तठे पोटभर जेवजो." सातासमुद्रापार शिकायला निघालेल्या मुलीला बापाने एवढंच सांगावं! मला तर रागच आला होता.

आता हे लिहायचं कारण. आबा माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आले आणि दीड महिन्यात परतले. काय झालं, असं तू फोनवर विचारलंस. मी म्हटलं, त्यांना करमलं नाही. खोटं बोलले. त्यांनीही तुला काही सांगितलं नसणार, ओळखते ना मी त्यांना. म्हणून आता मीच सांगते.

हे शहर म्हणजे मोठ्या नदीतलं एक बेट. आधी इथल्या मूळ लोकांचं, मग फ्रेंचांनी येऊन वस्ती केली, मग इंग्रजांनी जिंकून घेतलं. तेव्हापासून दोन भाषांची ओढाताण चालू आहे. दुकानात शिरलं की 'बोंजूर, हाय' असं एका दमात दोन्ही भाषांत स्वागत, आणि त्यातल्या 'हाय'वरूनसुद्धा भांडणं होतात, बोल! पाटीवर फ्रेंच अक्षरं मोठी नसली तर तक्रार. बाहेरून येणाऱ्यांना मात्र याचीच गंमत वाटते. जुन्या बंदराकडचे दगडी रस्ते, घरांना बाहेरून लावलेले लोखंडी जिने, जमिनीखाली अख्खा बाजार, कडाक्याच्या थंडीतही सुरू. मधोमध एक टेकडी आहे, तिला हे लोक कौतुकाने पर्वत म्हणतात. यांना एकदा लळिंगच्या किल्ल्यावर चढवलं पाहिजे.

हे सगळं पाहुण्यांना दाखवणं माझं काम. पण इथे गाइड म्हणून रस्त्यात तोंड उघडायचं तर परवाना लागतो, आणि त्यासाठी परीक्षा. पहिल्या वेळी मी फ्रेंच उच्चारांत गचकले. दुसऱ्यांदा गचकले असते तर नोकरी जाणार होती, आणि मग पुन्हा गोदामात उभं राहून खोकी चिकटवायची. ते दिवस आठवले तरी माझी कंबर दुखते.

परीक्षेत घोळका घेऊन फिरायचं होतं आणि परीक्षक बाई घोळक्यातूनच चालणार होत्या. सकाळी आबा टोपी घालून तयार. "माले बी गाव दखाड." आई गेल्यापासून त्यांनी कशाचा हट्ट केला नव्हता. नाही म्हणवेना. पण दहादा बजावलं, "आबा, मागे मागे चाला. एक शब्द बोलू नका."

एका जुन्या दगडी घरासमोर बाईंनी मला विचारलं, "शे वू...?" फ्रेंचमध्ये 'शे' म्हणजे अमक्याच्या घरी. 'शे वू' म्हणजे तुमच्याकडे. तुमच्याकडे अशी जुनी घरं आहेत का, एवढाच साधा प्रश्न. पण महिनाभर कोणाचं अक्षर न कळलेल्या आबांच्या कानावर 'शे' पडला, आपला 'शे', आहे म्हणायचा! ते घोळक्यातून पुढे आले, बाईंना हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "शे ना बाई! बठ्ठं शे!" सगळं काही आहे म्हणे!

लोक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. धुळ्याच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी मी "पाणी शे का?" असं विचारलं तेव्हा मुली अशाच हसल्या होत्या. त्या दिवसापासून मी तो 'शे' जिभेवरून खरवडून काढला होता.

"हे कोण? तुमचे कोणी आहेत?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "विझितर."

आणि मी पुढे चालू लागले. फ्रेंच उच्चार इतका अस्सल पडला की बाईंनी मान डोलावली. मी पास झाले.

घरी आल्यावर मी चहा केला. कप हातात घेऊन आबा म्हणाले, "तू माले त्या बाईसमोर व्हिजिटर म्हणनी ना?"

फ्रेंच काय, इंग्रजी काय, तो शब्द सारखाच ऐकू येतो. आणि विमानतळावर विचारलं तर सांगायला म्हणून मीच तो फोनवर त्यांच्याकडून घोकून घेतला होता.

"बरोबर शे," ते म्हणाले. "व्हिसावर बी तेच लिखेल शे."

चिडून नाही रे. मला अवघड वाटू नये म्हणून. त्यांचे पाय धरावेत एवढंही मला सुचलं नाही, मी भांडी विसळत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट बदलायला लावलं.

परवाना आता माझ्या गळ्यात असतो. हे शहर कोणाचं, कोणी वसवलं, कोणी घेतलं, हे मी रोज लोकांना दोन्ही भाषांत सांगते. पूर्वी वाटायचं, जिथे बोलताना कोणी हसत नाही ते आपलं घर. आता वाटतं, कोणी हसलं तरी बापाचा हात सोडावासा वाटत नाही, ते घर. असं घर मला अजून बांधता आलेलं नाही. लाज वाटते, भाऊ.

हे पत्र आबांना समोर बसवून मोठ्याने वाच. त्या बाईंना सांगायचं राहिलं ते मी इथे आपल्या बोलीत लिहिते: हाऊ मन्हा बाप शे.