पदराआडचं तोंड

आमच्या आत्याबाईपुढं कुणी घरातली गोष्ट चुकीची सांगितली, की ती हातातलं काम टाकून उठायची. "काका विहिरीत पडला न्हवता. पैज लावून उडी मारल्ती त्यानं. बराबर सांग." सांगणारा जावई असला तरी त्याला पहिल्यापासून सांगावं लागायचं. लोक तिला भांडखोर म्हणत. होतीच ती भांडखोर.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि धावड्याला माहेरी येऊन राहिली. तेव्हा निजामाचं राज्य होतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण घरातलं कोण कसं जगलं आणि कशानं मेलं, हे सगळं तोंडपाठ होतं.

एकदा पाटलाच्या लग्नाला जालन्याचे उस्मानचाचा कॅमेरा घेऊन आले. आत्याबाईनं त्यांना आमच्या अंगणात आणलं. पुरुष बाजेवर बसले, माझी आई आणि काकू मागं उभ्या राहिल्या. आजोबा, म्हणजे आबा, तिथंच होते. सासऱ्याला सुनेचं तोंड दिसू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दोघींनी पदर छातीपर्यंत ओढले.

चाचा म्हणाले, "मुँह ढाँकके कायकू खड़े? कपड़े का फोटू लूँ क्या?"

कुणी हललं नाही. फोटो आला, त्यात मिशीवाले पुरुष आणि मागं दोन बोचकी.

"यातली वैनी कोणती?" आत्याबाई भडकली. "उद्या लेकरांना काय दाखवू, लुगडं?"

तिच्या घाईला कारण होतं. आईला खोकला जडला होता. वैद्य झाले, हकीम झाले, ती वाळतच चालली. धाकटा भाऊ अजून रांगत होता. त्याला आईचं तोंड आठवणार नाही, हे आत्याबाईला दिसत होतं. बाकी कुणी ते बोलत नव्हतं.

चाचा पुन्हा आले तेव्हा ती आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, मळ्यात जा. वैनीचा तोंड उघडं ठेवून फोटो काढायचाय."

"सुनेचं तोंड उघडं? गाव काय म्हणंल?"

"गाव तिच्या लेकरांना आई दाखवणार हाय का?"

आबा काठी आपटत मळ्याकडं निघून गेले. आत्याबाईनं फोटोसाठी नवं लुगडं नेसू दिलं नाही. "रोज बसतीस तशी बस. लेकरांना रोजची आई पाहिजे." आई सुपात ज्वारी घेऊन बसली, पण पदर काही निघेना.

"परका माणूस हाय, वन्सं."

चाचांनी कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात डोकं घातलं होतं. आत्याबाई म्हणाली, "बघ, त्यानंच पदर घेतलाय. एका फोटोत किती जणांनी घ्यायचा?"

आई हसली आणि पदर मागं गेला. हसता हसता खोकला आला. फोटो उमटायची पहिली काच वाया गेली. चाचा म्हणाले, "बिलकुल हिलना नक्को." दुसऱ्या वेळी आईनं ओठ मिटले, श्वास धरला. गळ्याच्या शिरा फुगल्या, पण सूप हललं नाही. फोटो निघाल्यावर ती किती तरी वेळ खोकत बसली.

त्या उन्हाळ्यात ती गेली. फोटोनं आयुष्य खाल्लं, असं शेजारणी म्हणाल्या. "खोकला आधीचा हाय," आत्याबाई म्हणाली, "आन् तुमची जीभ पन आधीचीच हाय," आणि त्यांना दार दाखवलं.

तिचे दिवस-कार्य झाल्यावर आबांनी फोटो मागितला. सून घरात आल्यापासून त्यांचं ताट तीच वाढायची. तिचं तोंड त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"एवढी रागीट होती व्हय ही?"

"रागीट न्हाई. खोकला दाबून धरलाय तिनं." मग आत्याबाईनं त्यांना सगळं सांगितलं. काच वाया गेलेली, शिरा फुगलेल्या, काही गाळलं नाही.

आबांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "मला आधी सांगायचं."

"सांगितल्तं. तुम्ही गावाचं विचारलं."

सकाळी आबा चहाला आले. काकूनं सवयीनं पदर ओढला.

"राहू दे, पोरी," आबा म्हणाले. "घरात कोन कोन हाय, कळू दे मला."

काकू घाबरून आत पळाली. आत्याबाईनं मात्र तेव्हाच गाडीवानाकडं चाचांना निरोप धाडला. आबांचं मन फिरायच्या आत तिला काकूच्याही उघड्या तोंडाच्या फोटोचं काम उरकायचं होतं.