सोनाबाईच्या आवाजातले कोलामी धडे

रेकॉर्डिंग डिलीट करता येतं हो, किस्से कुठं डिलीट होतात! आम्ही कोलामी भाषेचे ऑनलाइन धडे तयार करतो. यवतमाळात दोन खोल्यांचं ऑफिस. मी धडे लिहिते, प्रशांत रेकॉर्डिंग आणि ॲप सांभाळतो, आणि मारेगावकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, राहणाऱ्या सोनाबाई ते धडे कोलामीत बोलतात. कामाचं विचाराल तर पहिला भाग आत्ता कुठं पूर्ण झालाय. किस्से मात्र केव्हाचे ओसंडून चाललेत!

*

पहिला धडा ओळखीचा. कुठल्याही भाषेच्या कोर्समध्ये असतो तसाच मी लिहून नेला. ‘तुमचं नाव काय? माझं नाव अमुक.’

सोनाबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “पोडावर कोणी कोणाले नाव कायले विचारीन? सगळ्यायले सगळ्यायचं माहीत असते!”

“पण मावशी, शिकणारा बाहेरचा आहे.”

“मंग आमीच त्याले विचारू ना, काहून आला म्हणून!”

आमचा पहिला धडा आता तिथूनच सुरू होतो.

*

वाक्य बोललं की थोडं थांबायचं, म्हणजे शिकणाऱ्याला मागून म्हणता येतं. हे प्रशांतनं त्यांना नीट समजावलं. त्या एक वाक्य बोलल्या, थांबल्या, आणि माइककडं रोखून बघत राहिल्या.

“बोलला का तो?”

“मावशी, तो इथं नाही. तो नंतर घरी बसून ऐकणार.”

“मंग मी थांबली कोणासाठी?”

शेवटी प्रशांत स्वतःच समोर बसला आणि प्रत्येक वाक्य मागून म्हणू लागला. त्यामुळं सोनाबाई सोडल्या तर आमच्या टीममध्ये सगळ्यात चांगलं कोलामी आज आमचा टेक्निशियन बोलतो!

*

भाषेच्या कोर्सच्या तयार नमुन्यात एक धडा विमानतळाचा होता. तो काढून आम्ही एसटी स्टँडचा केला. मी लिहिलं, ‘वणीची बस किती वाजता येईल?’ उत्तर, ‘पाच वाजता येईल.’

सोनाबाईंनी प्रश्न झकास म्हटला. उत्तर जरा लांबलं. मी विचारलं, “मावशी, एवढं काय बोललात?”

“पाच वाजता येईन म्हटलं. पण आली तर!”

ते आम्ही तसंच ठेवलं.

*

मग आली परीक्षा. शब्द ऐकायचा आणि बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. ॲप तयार झाल्यावर पहिला मान सोनाबाईंचा. मोबाइलमधून त्यांच्याच आवाजात ‘घर’ हा कोलामी शब्द आला. त्यांनी चारही चित्रं निरखली आणि गोठ्यावर बोट ठेवलं.

मोबाइल कोलामीत म्हणाला, “चुकलं. पुन्हा पाहा.”

हेही त्यांनीच रेकॉर्ड केलेलं!

“घर कोणतं हाय मंग याच्यात?” त्यांनी विचारलं. प्रशांतनं धुराड्याचं, छपरावर बर्फ साचलेलं चित्र दाखवलं. कुठल्याशा फुकट वेबसाइटवरून आम्हीच उचललेलं.

सोनाबाई मोबाइलकडं बघून म्हणाल्या, “माह्याच आवाजात मलेच खोटं पाडते!”

दुसऱ्या दिवशी प्रशांत त्यांच्या घराचा फोटो काढून आला.

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

सोनाबाईंच्या मुलानं, गजाननानं, वणीच्या शीतलशी लग्न केलं होतं. दोघं एकाच दुकानात कामाला होते, तिथंच जमलं. शीतलचं माहेर बौद्ध, घरची बोली मराठी. सोनाबाईंना हे काही रुचलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. कामापुरतं मराठीत एखादं वाक्य, बाकी सगळं घर कोलामीत. शीतल जेवायला बसली की नुसती तोंडांकडं बघत राहायची. सोनाबाई आमच्याजवळही तिला ‘वणीवाली’च म्हणायच्या.

त्या दिवशी स्वयंपाकाचा धडा ऐकवायला आम्ही पोडावर गेलो होतो. सोनाबाईंची बहीण आली होती. शीतल आत चहा करत होती आणि इकडं ओसरीत दोघी बहिणी कोलामीत बोलत होत्या. एव्हाना मलाही बऱ्यापैकी समजू लागलं होतं. बहीण म्हणत होती, “ही काही इथं राहायची नाही. बघशील, तुझ्या पोराला घेऊन वणीला जाईल.” सोनाबाई खाली बघून नुसत्या हुंकार देत होत्या. मी आणि प्रशांत अवघडून बसलेलो.

शीतल चहा घेऊन बाहेर आली. सगळ्यांपुढं कप ठेवले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, कोलामीत म्हणाली, “मी कुठं जात नाही. चहा घ्या.”

बहिणीचा हात कपापाशीच थांबला. सोनाबाईंनी मान वर केली.

“कोणं शिकवलं तुले?” घाईत त्यांनी मराठीतच विचारलं.

“तुमीच, आई,” शीतल म्हणाली आणि कमरेला खोचलेला मोबाइल काढून आमचं ॲप दाखवलं. “रोज सैपाक करताना लावतो मी तुमाले.”

सोनाबाईंनी चहाचा एक घोट घेतला. मग बहिणीकडं वळून, सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाल्या, “जपून बोलत जाय वं. माह्या सुनेले सगळं समजते!”