देवाच्या मेंढ्याची आंघोळ

खरजेच्या औषधाच्या पाण्यात मी कळपातल्या सगळ्या मेंढ्या बुडवून काढल्या, फक्त देवाचा मेंढा सोडून.

बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा खंडोबाला बोललो होतो: ही उठली तर हा मेंढा तुझा, जत्रेपर्यंत त्याच्या लोकरीला कात्री लावणार नाही. ती उठली. पुढे कळपात खरूज शिरली. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, "एकही जनावर सोडू नका, नाहीतर पुन्हा येईल." मी मान हलवली. मनात म्हटलं, देवाचा मेंढा काय जनावरात मोजायचा?

खरूज परत आली. वलगावच्या आमच्या शेतात मेंढ्या बाभळीला अंग घासून रक्त काढू लागल्या. गाभण मेंढ्यांनी चारा सोडला, एक तर गाभडली. पुन्हा हौदात औषधाचं पाणी केलं, पुन्हा एकेकीला मानेला धरून बुडवलं. खांदे गळून गेले. देवाचा मेंढा मात्र खाजवत बाजूला उभा.

बायको म्हणाली, "अजी, त्यालेई बुडवा ना."

"अन् नवस मोडला म्हून तू पुन्हा खाटेवर पडली, मंग?"

मी हौदापाशी बसकण मारली आणि औषधानं माखलेले हात जोडले. एरवी माझ्या प्रार्थनेत देवाला सूचनाच जास्त. त्या दिवशी तेवढंही त्राण नव्हतं. म्हटलं, "खंडेराया, थकलो. कळप तुझा, बायकोही तुझीच. तूच पाहा आता."

मेंढा पुढे आला, हौदाच्या काठाला ढुंगण घासू लागला, पाय सटकला आणि धपकन आत! मी बघतच राहिलो.

"पाहून काय राहिले? धरा त्याले!" बायको ओरडली. दोघांनी मिळून दाट लोकर कातडीपर्यंत भिजेतो त्याला धरून ठेवलं.

पुढे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काही दिवसांनी सगळ्यांना पुन्हा बुडवलं, त्यालाही. खाज थांबली, उरलेल्या गाभण मेंढ्या सुखरूप व्याल्या. पाय सटकला म्हणणारे म्हणोत, मी भांडत नाही. देवावर सोपवणं म्हणजे आपण त्याच्या वाटेतून बाजूला होणं, एवढंच मला उमगलं. तेही अंगातली ताकद संपल्यावर.

बायकोला भरल्या डोळ्यांनी म्हटलं, "पाह्य, एक केस कापला नाई. देवानं माहा शब्द राखला."

तिनं विचारलं, "शब्द कापाचा होता का बुडवाचा?"

"कापाचा."

"मंग येवढे दिवस काहून थांबले? मेंढ्याले समजलं, तुमाले नाई समजलं!"