मिलिमीटरचा अंगठा

“हाताला काय विचारता? कड्याला विचारा.”

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षं हे वाक्य ऐकू येत होतं. कुणी कौतुकाने म्हणालं, “काय हात आहे हो तुमचा,” की करवतीपाशी उभे असलेले ते उंच, वाळक्या अंगाचे गृहस्थ मान न वळवता तेवढंच बोलायचे आणि पुढचं लाकूड उचलायचे.

तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत, पाठीमागे मिलिमीटर. त्यांचा चहाचा कप बाकाच्या कडेपासून रोज तेवढ्याच अंतरावर ठेवलेला असतो, असं पॉलिशवाली मावशी शपथेवर सांगायची. बाबा म्हणणारी एकटीच होती, ती त्यांची सून. मिलिमीटरची सून म्हणून अख्खा कारखाना तिला सूनबाई म्हणे. सहा वर्षं ती घासकामाच्या टेबलाशी होती. दिवसभर पॉलिश पेपर फिरवायचा, लाकडाची धूळ उडायची आणि संध्याकाळी घरी गेल्यावर खोकल्याने बोलणं अर्धवट राहायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की धूळ सोडा, नाहीतर छाती धरेल.

करवतीचा भुसा जाड, तो खालीच पडतो; ती बारीक धूळ सोडायची संधी आता आली होती. बाबांच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या होत्या, आणि फिरत्या पात्यापुढे बधिर हात चालत नाही. त्यांनी स्वतःच मालकांना सांगितलं, “शनिवारपासून मी थांबतो. माझ्या जागी सूनबाईला उभी करा.”

मालक वयाने तरुण, पण हिशेबी बोलणारे. “काका, तुमचा शब्द मोडवत नाही. पण साठ खुर्च्यांच्या पायांना खोबणी पाडून झाल्यात. आडव्या दांड्यांची कुसं त्यांत बसली पाहिजेत. शनिवारी तिने दांडी कापून दाखवावी. नाही जमलं तर मी बाहेरून माणूस बघतो, आणि ती तिच्या टेबलाशी बरी.”

कुसू म्हणजे दांडीच्या टोकाला ठेवलेली जीभ. ती पायाच्या खोबणीत हलक्या ठोक्याने गेली पाहिजे आणि गेल्यावर हलता कामा नये. ती कापण्याची बाबांची रीत ठरलेली होती. करवतीशेजारी एक जाड, गुळगुळीत दांडा, त्यावर मागेपुढे सरकणारी गाईड. लाकूड तिला टेकवून पात्यावर सारायचं. दांड्यावर दोन लोखंडी कडी, प्रत्येकाला बाजूने एक छोटा स्क्रू. स्क्रू आवळला की कडं जागचं हलत नाही. गाईड अलीकडच्या कड्याला भिडवून तिच्यावरची मूठ फिरवून घट्ट करायची आणि कुसवाची एक बाजू कापायची. मग ती पलीकडच्या कड्याला भिडवायची आणि दुसरी बाजू. मधे उरतं ते कुसू. माप वाचायला नको, डोळे बारीक करायला नकोत. कड्यांमधलं अंतर एकदा बसवलं, की पहिली दांडी आणि शंभरावी दांडी सख्ख्या बहिणी.

शनिवारी सकाळी खिडकीतून कोवळं ऊन येत होतं आणि करवतीच्या टेबलावर भुशाचा पातळ थर सोन्यासारखा दिसत होता. सूनबाईने तो पुसला. गाईड अलीकडच्या कड्याला भिडवली, मूठ फिरवून आवळली, कापलं. पलीकडच्या कड्याला भिडवली, आवळली, कापलं. सगळं बाबांनी शिकवलं तसंच. मालकांनी दांडी घेऊन खोबणीत घातली. ती आपोआप आत गेली आणि सैल दातासारखी डुगडुगली.

“पुन्हा कर,” बाबा म्हणाले.

पुन्हा केली. पुन्हा डुगडुग.

“बाजूला हो जरा.” बाबांनी त्याच कड्यांवर तिसरी दांडी कापली. ती खोबणीच्या तोंडाशी थांबली, हाताच्या ठोक्याने आत गेली आणि तिथलीच झाली.

“कडी तीच, पातं तेच,” मालक हळूच म्हणाले. “काका, राग मानू नका. सगळ्यांना सगळं जमत नसतं.”

“अहो, पहिल्याच दिवशी?” पॉलिशवाली मावशी लांबूनच म्हणाली. “पहिल्या दिवशी तुम्ही खुर्चीत तरी सरळ बसला होतात का?”

मालक हसले, पण घड्याळाकडे बघून. सूनबाईच्या घशात खोकला दाटला. तिने तो गिळला.

“बाबा, अजून एक कापा ना,” ती म्हणाली. या वेळी ती पात्याकडे बघत नव्हती, बाबांच्या हातांकडे बघत होती. उजवा हात गाईडची मूठ फिरवत होता. डावा नुसता टेकल्यासारखा गाईडच्या पायाशी होता. मूठ फिरताना त्या हाताचा अंगठा पांढराफटक पडला. गाईड कड्याकडे दाबून धरली होती त्याने. मूठ पूर्ण आवळली आणि अंगठा पुन्हा लाल झाला.

तिला कळलं. दांडा ज्यातून जातो ते गाईडचं भोक झिजलं होतं. आवळताना ती कड्यापासून केसभर मागे यायची, आणि बाबांचा अंगठा तिला येऊ द्यायचा नाही. किती वर्षं, देव जाणे.

आता हे बोलायचं कसं? हाताला विचारू नका म्हणून ज्यांनी जन्म काढला, त्यांना चारचौघांत सांगायचं, की तुमचा हातच सगळं करत होता? आणि नाही बोललं, तर सोमवारी परत धूळ. तिने पदर तोंडाशी नेला, खोकली, आणि अगदी खाली आवाजात म्हणाली, “बाबा, तुमचा अंगठा.”

“काय झालं अंगठ्याला?”

“तो काढून आवळा एकदा.”

बाबांनी अंगठा उचलला, मूठ आवळली आणि वाकून पाहिलं. गाईड आणि पलीकडचं कडं यांच्यामधून उन्हाची रेघ दिसत होती.  मग ते सरळ झाले आणि स्वतःचा अंगठा असा पाहू लागले, जणू दुसऱ्या कुणाचा हातात आला आहे.

“मालक,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरीची चूक नाही. गाईड झिजलीय, आणि मी ती दाबून धरत होतो. मला पत्ता नव्हता. कडं बरोबर आहे असं सांगत होतो, ते बरोबर नव्हतं.”

मालकांनी वाकून ती फट पाहिली.

“गाईड बदलायला आठवडा जाईल,” मालक म्हणाले. “खुर्च्या थांबणार नाहीत.”

“आठवडा कशाला?” सूनबाई म्हणाली आणि स्वतःच्या जुन्या टेबलाकडे गेली. सहा वर्षं धूळ खाल्ली होती, ती कुठेतरी कामाला यायला हवी. तिने दोन-तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर आणले, पट्ट्या फाडल्या आणि खोबणीत सैल कुसवाच्या बाजूला एकेक घालून पाहिल्या. बारीक दाण्याची पट्टी आत गेली आणि दांडी घट्ट बसली. चूक तेवढ्या जाडीची होती.

“बाबा, पलीकडच्या कड्याला भिडवा. अंगठ्यासकट.”

बाबांनी निमूटपणे गाईड दाबून आवळली. तिने कड्याचा स्क्रू सैल केला, कडं आणि गाईड यांच्यामधे ती पट्टी धरली, कडं तिला चिकटवलं, स्क्रू आवळला आणि पट्टी ओढून काढली. कडं तेवढंच पुढे गेलं. मग गाईड अलीकडच्या कड्याला भिडवून आवळली आणि तिथेही तशीच पट्टी घालून पाहिली. तिथे जागा नव्हती. त्या बाजूला आवळताना गाईड हलत नव्हती.

“आता हात मागे घ्या, बाबा.”

तिने एकटीने दांडी कापली. मालकांनी ती खोबणीच्या तोंडाशी धरली, तळव्याने ठोकली, हलवून पाहिली. मग खुर्चीचा पाय धरून अख्खी जोडणी उलटी केली. दांडी पडली नाही.

“उरलेल्या कापून टाक,” मालक म्हणाले, आणि ‘टेबलाशी बरी’ हा विषय तिथेच संपला.

बाबांनी चष्मा पुसला. “पट्टीचं मला सुचलं नसतं,” ते म्हणाले. “मी जाडी मोजायला पोलादाची पातळ पानं शोधत बसलो असतो.”

“पण दांडी घट्ट तुमचीच बसत होती.”

“होती. पण मी घरी गेलो की ती सैल झाली असती.” त्यांनी गळ्यातला, नाकावर बांधायचा कापडी पट्टा काढून तिच्या हातात दिला. “चल, चालू कर. लाकूड वाट बघत नाही.”

तिने बटण दाबलं. करवत गुरगुरली, मग सुरात आली. बाबा भिंतीच्या कडेने, घासकामाच्या टेबलावरून, रचलेल्या साठ खुर्च्यांच्या पायांच्या ढिगाला वळसा घालून दाराकडे निघाले. मालक फोन कानाला लावून बघत होते. मावशी पॉलिशचा बोळा हातात धरून बघत होती. दाराबाहेरच्या उन्हात ते जरा थांबले, डाव्या हाताची बोटं दोनदा उघडमिट केली आणि रस्त्याला लागले, हे मावशीनेच नंतर सांगितलं. सूनबाईने ते पाहिलं नाही. तिची दांडी पात्यावर होती.