बूचकाकांचं ईथर

कॉलेजच्या रसायन विभागात त्यांना सगळे बूचकाका म्हणत. स्टोअरमध्ये एक जरी बाटली सैल बुचाची सापडली तर मिशी उतरवीन, असं ते म्हणायचे, आणि एकतीस वर्षांत मिशीला धक्का लागला नव्हता. शिक्षण दहावीपर्यंत, तेही ओढूनताणून. पण वर्गात लागणाऱ्या, रंगीत गोळ्या आणि काड्या जोडून केलेल्या रेणूंच्या प्रतिकृती दुरुस्त करता करता कार्बनला चार काड्या, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. घरीही तेच पुराण. बायको म्हणायची, "तुमच्या कार्बनला चार हात, आणि तुम्हाला दोन असून एक कप विसळता येत नाही."

त्यांची कपाटं बघत राहावीत अशी. आणि खरं सांगायचं तर घोळ तिथेच होता. ईथर या चटकन उडून जाणाऱ्या द्रवाच्या तीन-चार बाटल्यांत तळाशी बोट बोट उरलं की काका ते सगळं सर्वांत नव्या बाटलीत ओतत आणि रिकाम्या बाटल्या बाहेर काढत. जागा वाचे, थेंब वाया जात नसे. लेबल अर्थातच नव्या बाटलीचं, त्यावर बाटली उघडल्याची तारीख काकांच्या अक्षरात. तपासणीला आलेले साहेबसुद्धा पाठ थोपटून जात. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही, काकांना तर नाहीच नाही.

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. दुपारी ते प्रयोगशाळेला लागून असलेल्या स्टोअरमध्ये फळ्या पुसत होते. दार उघडं होतं. पलीकडे मॅडम बारा मुलामुलींना शिकवत होत्या. टेबलावरच्या चंबूतलं ईथर गरम पाण्यावर उडून चाललं होतं. ते सगळं गेलं की तळाला हवा तो पदार्थ उरणार होता. तोवर मॅडमनी गोळ्या-काड्यांच्या प्रतिकृती हातात घेतल्या. कार्बनचे चारही हात गुंतले, भोवती आठ इलेक्ट्रॉन झाले, की तो निवांत होतो, त्या सांगत होत्या. पण ईथर हवेत पडून राहिलं तर हवेतला ऑक्सिजन हळूहळू त्यात शिरतो आणि ऑक्सिजनला ऑक्सिजन चिकटतो. आठ इलेक्ट्रॉन त्यांचेही पुरे होतात, तरी चैन पडत नाही. दोघांकडेही कुणाशी न वाटलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, त्या एकमेकींना रेटतात, आणि मधला बंध कच्चाच राहतो. ईथर उडून जातं, हे नवं रसायन मात्र तळाशी साठत जातं. कोरडं पडलं की जरा उष्णता लागायचा अवकाश, स्फोट.

"म्हणून जुनं ईथर मी हातातच धरत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची बाटली फिरवून लेबल दाखवलं. "हे दोन महिन्यांपूर्वीचं आहे."

काकांचा हात फळीवरच थांबला. त्या बाटलीत त्यांनी मागच्या बाटलीचं उरलेलं ओतलं होतं. मागच्या बाटलीत तिच्या मागचं. त्यातलं सर्वांत जुनं किती वर्षांचं, देव जाणे. चंबूत दोन बोटं ईथर दिसत होतं.

इतकी वर्षं काही झालं नाही, आजच कशाला होतंय, असं त्यांनी मनाला समजावून पाहिलं. अकरा दिवसांनी निरोप समारंभ होता. ते पुढे झाले आणि बाटली बदलून देऊ का, असं हळूच विचारलं. मॅडम हसल्या.

"कशाला काका? तुमच्या हातची तारीख असली की ईथर बिघडलंय का ते दाखवणारी पट्टीसुद्धा मी बुडवत नाही."

काका दोन पावलं मागे आले. आपण भित्रे आहोत हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. चंबूत आता बोटभरच उरलं होतं. एक मुलगी तळाला काय उरतंय ते बघायला चेहरा काचेजवळ नेऊ लागली.

"मॅडम, हीटर बंद करा. मुलांना बाहेर काढा," काका म्हणाले. "अक्षर माझं आहे, तारीख खोटी आहे."

मॅडमनी कारण विचारलं नाही. भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं. चंबूला कुणी हात लावला नाही. बाहेर व्हरांड्यात, मुलांच्या देखत, काकांनी काहीही न लपवता सांगितलं. तासाभराने, सगळं गार झाल्यावर, मॅडम एकट्याच आत गेल्या आणि बाटलीतल्या उरलेल्या ईथरमध्ये त्यांनी पट्टी बुडवली. ती बघता बघता गर्द निळी झाली, म्हणजे ईथर पार बिघडलेलं होतं. बाहेर येऊन ती त्यांनी काकांपुढे धरली.

"अशा किती बाटल्या आहेत?"

"सगळ्या," काका म्हणाले.

त्या बाटल्या न्यायला जाणकार माणसं आली. प्राचार्यांनी काकांकडून लेखी घेतलं, पण समारंभ रद्द केला नाही. वेळेवर बोललात, एवढं मॅडम एकदा म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी ईथरच्या बाटल्यांचं नवं खोकं आलं. काकांनी सीलबंद बाटली मॅडमच्या समोर उघडली, तारीख घातली आणि हातात दिली. मॅडमनी आभार मानले आणि पट्टी बुडवली. ती पांढरीच राहिली. त्यांनी दुसरी बुडवली. काका बाजूला उभे राहून ती वाळेपर्यंत बघत राहिले.